अस्सल, नक्कल आणि शिसवीची साक्ष

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडी मोहल्ला, म्हैसूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा मराठेशाहीचा इतिहास यांपैकी एखादा विषय असावा, ही आपली अपेक्षा रास्त आहे. त्या पंक्तीत विजेवर वाजणाऱ्या गिटारीने पाट मांडून बसावे, हे काही ज्येष्ठांना रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे. तरीही हा विषय आम्ही निवडला, त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, आपल्या घरांतील तरुण पिढीने हे वाद्य आपलेसे केले आहे. परदेशी स्थायिक झालेली आपली मुले आणि नातवंडे जुन्या, मोजक्याच संख्येने निघालेल्या गिटारींच्या नादी लागतात आणि कित्येक वर्षांची पुंजी एका व्यवहारात ओततात. त्या व्यवहारात फसगत झाली तर हानी केवळ पैशाची होत नाही. हौसेवरचा विश्वासच उडतो. दुसरे कारण, आमची हयात केंद्र सरकारच्या सीमाशुल्क खात्यात गेली. कागदावर लिहिलेली वस्तू आणि पेटीत असलेली वस्तू एकच आहे काय, हे पाहणे हा आमचा नित्याचा उद्योग. तिसरे कारण या जागेत आहे. आपण ज्या मंडी मोहल्ल्यात बसलो आहोत, तेथील गल्ल्यांतून शिसवीच्या लाकडावर जडावकाम करणारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. ज्या दक्षिणी शिसवीवर ही मंडळी हत्ती आणि वृक्षवेली जडवतात, त्याच जातीच्या शिसवीची पट्टी जगभरच्या असंख्य गिटारींवर वादकाच्या बोटांखाली असते. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. साध्या गिटारीत पोकळ पेटी नाद वाढविते. विद्युत् गिटारीत ते काम लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेल्या तारेचे वेटोळे करते. पोलादी तार कंप पावली की वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक तो मोठा करतो. सबब पेटी पोकळ असण्याची गरज उरत नाही. भरीव लाकडाच्या गिटारी अमेरिकेत फेंडर कंपनीने १९५० मध्ये आणि गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये बाजारात आणल्या, आणि पुढील दहा वर्षांत निघालेले नमुने आज संग्राहकांच्या दृष्टीने जणू शिवकालीन होन झाले आहेत.

यांतही ज्या मोजक्याच निघाल्या, त्यांची कथा गमतीची आहे. कारखान्याने दुर्मीळ वस्तू करायची म्हणून त्या केलेल्या नव्हत्या; गिऱ्हाइकांनी पाठ फिरविली म्हणून त्या थोड्या राहिल्या. गिब्सन कंपनीने १९५८ मध्ये बाणाच्या टोकासारख्या आकाराची 'फ्लाइंग व्ही' नावाची गिटार काढली. किंमत २४७ डॉलर ५० सेंट. लोकांना ती विचित्र वाटली. त्या वर्षी ८१ आणि पुढील वर्षी १७, अशा अवघ्या ९८ गिटारी कारखान्यातून बाहेर पडल्याची नोंद आहे. तिची बहीण 'एक्सप्लोरर' हिची संख्या तर याहूनही कितीतरी कमी. मार्टिन कंपनीने आपल्या साध्या गिटारीवर विद्युत् उपकरण बसवून १९५९ मध्ये 'डी-१८ई' नावाचा प्रकार काढला. तोही चालला नाही आणि ३०२ नगांवर थांबला. त्या ३०२ पैकी सातवी गिटार पुढे कर्ट कोबेन या गायकाच्या हाती आली आणि जून २०२० मध्ये लिलावात साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. एके काळी दुकानात धूळ खात पडलेल्या वस्तूला असा भाव आला की लबाडाचे हात शिवशिवू लागणारच. २०२५ च्या आरंभी अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने लॉस एंजेलिसच्या बंदरात ३,००० हून अधिक बनावट गिब्सन गिटारी जप्त केल्याचे जाहीर केले. माथ्यावर नाव थोरामोठ्यांचे आणि आत भलतेच. आपल्या भाषेत यालाच म्हणतात, नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मग पारख कशी करावी? याचे शास्त्र मराठी माणसाला नवे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. तेव्हापासून आपल्या संशोधकांनी अस्सल पत्र कोणते, नक्कल कोणती आणि बनावट कोणते, हे ठरविण्याची एक शिस्त घालून दिली. कागद, शाई, हस्ताक्षर, शिक्का, मायना आणि मिती या प्रत्येकाची स्वतंत्र साक्ष घ्यावयाची, आणि साऱ्या साक्षी एकमेकींशी जुळतात काय, हे पाहावयाचे. यात एक तत्त्व दडलेले आहे. समजा, एखाद्या पत्रावर १६७० सालची तारीख आहे आणि त्यातच राज्याभिषेक शकाचा उल्लेख आहे. राज्याभिषेक झाला १६७४ मध्ये. मग पत्र कितीही जीर्ण दिसो, अक्षर कितीही वळणदार असो, ते त्या तारखेचे नव्हे. एक विसंगती दावा मोडून काढू शकते. पण एक सुसंगती दावा सिद्ध करू शकत नाही. आजच्या व्याख्यानाचे सार विचाराल तर ते एवढेच आहे. आता हेच तत्त्व गिटारीला लावून पाहू.

पहिली साक्ष क्रमांकाची. बहुतेक लोक क्रमांक पाहतात आणि तेथेच थांबतात. वस्तुतः ही सर्वांत दुबळी साक्ष, कारण क्रमांक उठविणे सर्वांत सोपे. शिवाय मूळ कारखान्यांचे क्रमांकही शिस्तीचे असतातच असे नाही. गिब्सन कंपनीने १९६० नंतरच्या दशकात तेच ते क्रमांक पुन्हापुन्हा वापरले. त्यामुळे एकाच क्रमांकाच्या दोन निरनिराळ्या सालांच्या गिटारी निघाल्या तर दोन्ही अस्सल असू शकतात. क्रमांकाला वजन येते ते कारखान्याच्या खातेवहीमुळे. कोणती गिटार कोणत्या दिवशी रवाना झाली, याची नोंद जेथे टिकून आहे, तेथे क्रमांक बोलू लागतो. जेथे नाही, तेथे तो मुका आहे.

दुसरी साक्ष अंतरंगाची. आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखाली डबीसारखा एक छोटा भाग असतो. कारागीर त्यास 'पॉट' म्हणतात. अमेरिकी पॉटच्या पाठीवर आकडे उठविलेले असतात. उदाहरणार्थ १३७६६१२. यातील १३७ हा सीटीएस या उत्पादक कंपनीचा संकेत, ६६ म्हणजे १९६६ साल आणि १२ म्हणजे त्या सालातील बारावा आठवडा. आता ही साक्ष काय सांगते, हे नीट लक्षात घ्यावे. गिटार १९६६ ची आहे, असे ती सांगत नाही. हा भाग मूळचाच असेल तर गिटार त्या आठवड्याच्या आधीची असू शकत नाही, एवढेच ती सांगते. फेंडर कंपनीने १९६६ मध्ये अशा पॉटचा मोठा साठा केला होता आणि तो पुढे अनेक वर्षे पुरला. त्यामुळे १९६६ चा पॉट असलेली गिटार त्यानंतर बऱ्याच काळाने तयार झालेली असू शकते. तद्वतच तारेच्या जोडावरील डागकाम पाहावे. जुना जोड मळकट आणि अस्पर्शित दिसतो. तेथे ताजी चकाकी दिसली की कुणीतरी हात घातला आहे, असे समजावे. हात घालणे हा गुन्हा नव्हे. जुन्या वस्तूची दुरुस्ती करावीच लागते. गुन्हा आहे तो दुरुस्ती लपविण्यात.

तिसरी साक्ष रोगणाची. १९५० नंतरच्या दशकातील गिटारींवर बहुधा नायट्रोसेल्युलोजचे रोगण असे. अंधाऱ्या खोलीत अतिनील किरणांचा दिवा धरला की जुने रोगण हिरवट-पिवळी झाक देऊन उजळते आणि ज्या जागी नंतर रंग चढविला असेल ती जागा निराळी, काळपट दिसते. गिब्सनच्या 'लेस पॉल' नमुन्याच्या बाबतीत ही परीक्षा फार उपयोगी पडते. १९५८ ते १९६० या काळात या गिटारीला पिवळ्यातून तांबड्याकडे जाणारा, सूर्यास्तासारखा रंग दिला जात असे. अशा गिटारी दीड हजारांच्या आसपास निघाल्या असाव्यात, असे जाणकार मानतात. त्याआधीच्या सोनेरी रंगाच्या गिटारी खरवडून त्यांना हा सूर्यास्ती रंग देण्याचा उद्योग पुष्कळांनी केला. लाकूड त्याच कारखान्याचे, त्याच दशकाचे. खोटा आहे तो फक्त दावा. अशी गिटार विकणाऱ्याने 'रंग बदललेली' असे स्पष्ट लिहून दिले तर तो प्रामाणिक व्यापारी. न लिहिता विकली तर ठक.

चौथी साक्ष लाकडाची, आणि येथे आपले म्हैसूर कथेत प्रवेश करते. गिटारीच्या दांडीवर ज्या पट्टीत पडदे बसविलेले असतात, ती पट्टी पुष्कळदा शिसवीची असते. १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकी कारखाने ब्राझीलची शिसव वापरीत. ब्राझीलमधून ओंडके मिळणे दुष्कर झाले तेव्हा मोठमोठे कारखाने दक्षिण भारताच्या काळ्या शिसवीकडे वळले. मार्टिन कंपनीने हा बदल १९६९ मध्ये केला. विद्युत् गिटारींच्या कारखान्यांत तो त्याआधी काही वर्षे सुरू झाला होता. आपल्या शिसवीला शास्त्रज्ञ डालबर्जिया लॅटिफोलिया म्हणतात, कानडी बांधव बीटे म्हणतात. ब्राझीलची ती डालबर्जिया नायग्रा. दोघी एकाच कुळातील. आपल्या शिसवीत जांभळट छटा आणि सरळ रेषा अधिक. ब्राझीलच्या शिसवीत तपकिरी रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या शिरा. आता कोणी १९५९ सालची म्हणून गिटार दाखविली आणि तिची पट्टी दक्षिण भारतीय शिसवीची निघाली, तर ती पट्टी म्हणजे १६७० च्या पत्रातील राज्याभिषेक शक होय. एक तर गिटार त्या सालाची नव्हे, किंवा पट्टी नंतर बदललेली आहे.

पट्टी बसविण्याची रीतही बोलते. फेंडरच्या कारखान्यात १९६२ च्या मध्यापर्यंत शिसवीची जाड पट्टी सपाट पृष्ठभागावर चिकटवीत. त्यानंतर दांडीला बाक देऊन त्यावर पातळ पट्टी बसवू लागले. दांडीच्या टोकाशी पाहिले की जोडाची रेघ सरळ आहे की कमानदार, हे साध्या डोळ्यांना दिसते. नकली माल करणारा नाव हुबेहूब काढतो, पण अशी रेघ काढण्याचे कष्ट सहसा घेत नाही.

मात्र नुसत्या नजरेवर विसंबणे धोक्याचे. शिसवीच्या दोन जाती मुरब्बी सुतारालाही कधीकधी चकवितात. बंगळूरच्या काष्ठविज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत लाकडाची जात ओळखण्याचे काम शास्त्रीय रीतीने चालते. अमेरिकेत ओरेगन राज्यातील अ‍ॅशलंड येथे वन्यजीवविषयक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे. तेथे लाकडाच्या अगदी बारीक कणातील रासायनिक द्रव्यांचा आलेख काढून शिसवीच्या जाती वेगळ्या ओळखतात. मोठ्या किमतीच्या व्यवहारात असा दाखला मागणे हा खरेदीदाराचा हक्क आहे. त्यात कुणाचा अपमान नाही.

लाकूड आणखी एका प्रकारे साक्ष देते. दोन माणसांच्या बोटांचे ठसे जसे जुळत नाहीत, तसे दोन फळ्यांचे रेषांचे जाळे जुळत नाही. कॅनडातील रँडी बॅकमन या वादकाची १९५७ सालची नारिंगी ग्रेच गिटार १९७६ मध्ये टोरांटो येथे चोरीस गेली. चाळीसहून अधिक वर्षांनी त्याच्या एका चाहत्याने जुन्या चित्रफितीत दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा आणि गाठी विक्रीस आलेल्या गिटारींच्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्या आणि ती गिटार टोकियोतील एका संगीतकाराकडे असल्याचे शोधून काढले. १ जुलै २०२२ रोजी त्या संगीतकाराने तशीच दुसरी गिटार घेऊन मूळ गिटार बॅकमनच्या हाती दिली. येथे क्रमांकाने नव्हे, कागदाने नव्हे, एका जुन्या चित्रातील लाकडाच्या गाठीने निर्णय दिला.

साऱ्या साक्षी पाहूनही काही प्रकरणे निकालात निघत नाहीत. गिब्सन कंपनीने १९५७ मध्ये तीन नव्या आकारांसाठी हक्क मिळविण्याचे अर्ज केले. जानेवारी १९५८ मध्ये ते मंजूर झाले. दोन आकारांच्या गिटारी निघाल्या, त्यांचा उल्लेख वर आलाच आहे. तिसरीचे नाव 'मॉडर्न'. तिचे चित्र सरकारदप्तरी आहे. पण त्या काळी तयार झालेली, सर्वमान्य ठरलेली एकही मॉडर्न गिटार आजतागायत पुढे आलेली नाही. कंपनीने १९८२ मध्ये त्या नावाची गिटार काढली, ती नव्याने केलेली. मधल्या काळात 'आमच्याकडे मूळ मॉडर्न आहे' असे दावे अधूनमधून होत राहिले. सरकारी भाषेत सांगावयाचे तर येथे मंजुरीची टिप्पणी आहे, माल पोहोचल्याची पावती नाही. अशा वेळी सर्वांत प्रतिष्ठेचे उत्तर म्हणजे 'सिद्ध झालेले नाही'. ते उच्चारण्याचे धैर्य ज्या पारख्यापाशी आहे, त्याच्या 'होय' म्हणण्यालाही किंमत येते.

याउलटही घडते. फ्लाइंग व्हीचे काही देह कारखान्यात तसेच पडून राहिले होते. १९६२-६३ च्या सुमारास त्यांच्यावर त्या वेळचे निकेल मुलाम्याचे सुटे भाग चढवून गिटारी पुऱ्या करण्यात आल्या. अर्धे अंग १९५८ चे, अर्धे पुढचे. घाईच्या परीक्षकाने विसंगती दिसताच तिला बनावट ठरविले असते. म्हणून विसंगती आढळली की आधी तिचे निर्दोष कारण संभवते काय, ते शोधावे. न सापडले तरच ठपका ठेवावा. न्यायाची ही रीत माणसांना लागू आहे, तशी वस्तूंनाही आहे.

आता थोडे कायद्याविषयी, कारण येथे सज्जन माणूसही अडचणीत येतो. ब्राझीलची शिसव १९९२ पासून वन्य जीव आणि वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक 'साइट्स' कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आहे. आपल्या शिसवीसह त्या कुळातील बाकी सर्व जाती २ जानेवारी २०१७ पासून दुसऱ्या परिशिष्टात आल्या. पुढे २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये आणि त्यांचे भाग यांना सूट मिळाली. ही सूट ब्राझीलच्या शिसवीला नाही. म्हणजे गिटार जितकी अस्सल आणि जुनी, तितकी ती सीमेपलीकडे नेण्यास दाखल्याची गरज अधिक! भारताच्या नियमांतही असाच बारकावा आहे. शिसवीचे चिरलेले लाकूड निर्यात करता येत नाही. पुरा तयार झालेला वाद्याचा भाग करता येतो. गिब्सन कंपनीच्या कारखान्यांवर अमेरिकी सरकारने २००९ मध्ये मादागास्करच्या आबनुसाबद्दल आणि २०११ मध्ये भारतातून गेलेल्या शिसवी व आबनुसी पट्ट्यांबद्दल छापे घातले. प्रश्न होता की, पट्टीचा तो तुकडा 'लाकूड' म्हणावा की 'वाद्याचा भाग'. ऑगस्ट २०१२ मध्ये तडजोड झाली. कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला; आणि भारतीय पट्ट्यांबाबत भारत सरकारकडून बंदीचा स्पष्ट खुलासा आल्याखेरीज पुढे कारवाई करू नये, असे ठरले. एका शब्दावर केवढे रामायण घडते, ते यावरून दिसावे.

येथवर परमुलखाची कथा झाली. आता आपल्या घराकडे वळू, कारण खरा प्रश्न येथेच आहे.

मंडी मोहल्ल्यातील जडावकाम पाहा. कागदावर चित्र काढून त्याचे बारीक तुकडे निरनिराळ्या रंगांच्या लाकडांतून करवतीने कापतात. पिवळ्यासाठी फणस, काळ्यासाठी आबनूस, अशी निसर्गाचीच रंगपेटी. शिसवीच्या फळीवर आकार आखून तेवढी जागा कोरून काढतात, तुकडे बसवितात, घासून एकजीव करतात आणि वर लाखेचे पॉलिश चढवितात. म्हैसूरच्या राजवाड्यात हस्तिदंत जडविलेले शिसवी दरवाजे आपण पाहिलेच असतील. हस्तिदंताच्या व्यापारावर १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी बंदी आली आणि कारागिरांनी तो टाकून दिला. या कामाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. तरीही बाजारात छापील चित्रावर चकचकीत रोगण चढविलेल्या चौकटी जडावकाम म्हणून खपतात. परीक्षा अवघड नाही. खऱ्या कामात प्रत्येक तुकड्याच्या लाकडाची रेषा वेगळ्या दिशेने धावते आणि जोडाच्या कडेला सूक्ष्म सांधा दिसतो. छापील कामात एकच रेषा हत्तीच्या सोंडेतून आणि आकाशातून सारखीच पलीकडे जाते. एवढे पाहिले तरी पारख होते. आपण ते पाहत नाही, म्हणून आठवडाभर करवत चालविणाऱ्याच्या वस्तूला छापील वस्तूच्या भावाशी झुंजावे लागते.

तीच कथा मिरजेची. दीडशे वर्षांहून अधिक काळ तेथील सतारमेकर घराण्यांनी भोपळ्यातून आणि लाकडातून नाद उभा केला. किराणा घराण्याच्या गायकीशी मिरजेचे नाते सर्वश्रुत आहे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामागील एक कारण हेच की, इतरत्र केलेली वाद्ये मिरजेच्या नावाने विकली जात होती. मानांकनाने नावाला संरक्षण मिळाले. पण प्रत्येक वाद्याची ओळख कोण ठेवणार?

येथे आम्ही आपणांस एक प्रश्न विचारतो. परमुलखातील एका न खपलेल्या गिटारीविषयी आपण सांगू शकतो की, त्या ९८ निघाल्या. आपल्या दिवाणखान्यात गवसणी घालून ठेवलेला आजीचा तंबोरा कोणी केला, कोणत्या साली केला, भोपळा कधी बदलला, घोडी कोणी घासली, हे आपल्यापैकी कितीजण सांगू शकतील? गिटारींची पारख शक्य झाली, कारण कुण्या सामान्य कारकुनाने खातेवहीत एक ओळ लिहिली, कुण्या सुताराने दांडीच्या बुडाशी पेन्सिलीने तारीख टाकली, कुणी एक चित्र जपून ठेवले. त्या कारकुनाला काय ठाऊक की, साठ वर्षांनी त्याच्या त्या ओळीवर लाखोंचे व्यवहार ठरणार आहेत! आपल्याकडे कसबाला तोटा नव्हता. कसबाची नोंद तेवढी राहिली नाही. नोंद नसली की अस्सल वस्तूला आपले अस्सलपण सांगता येत नाही, आणि नकली वस्तूला कुणी जाब विचारू शकत नाही.

सबब काही व्यवहार्य सूचना करून आम्ही थांबतो. मुलाबाळांनी जुनी गिटार घ्यावयाची ठरविली तर विक्रेत्याकडून चार ओळी लिहून घ्याव्यात. कोणते भाग मूळचे, कोणते बदललेले, रंग मूळचा की नंतरचा आणि लाकूड कोणते. जो तोंडाने सारे सांगतो आणि लिहून देण्यास कचरतो, त्याचा माल तेथेच ठेवावा. परीक्षक असा निवडावा, ज्याला विक्रीतून काहीही मिळावयाचे नाही. वस्तू स्वस्त मिळते आहे, म्हणून घाई करू नये; घाई ही ठकाची भागीदार असते. परदेशी नेण्या-आणण्यापूर्वी लाकडाच्या जातीची आणि दाखल्याची चौकशी करावी. घरातील जुन्या वाद्यात वा पेटीत हस्तिदंत असेल तर ती वस्तू परदेशी नेण्याचा विचारही करू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, या आठवड्यात प्रत्येक घराने आपल्या वाद्याची एक टिप्पणी करावी. करणाऱ्याचे नाव, गाव, साल, कोणाकडून आले, कोणी वाजविले, दुरुस्ती काय झाली. सोबत पुढून, मागून आणि लाकडाच्या रेषा दिसतील अशी जवळून घेतलेली छायाचित्रे. जे निश्चित ठाऊक आहे ते शाईने आणि जे ऐकीव आहे ते 'ऐकीव' असे म्हणून लिहावे. एक प्रत घरी ठेवावी, एक मंडळाच्या कपाटात. मंडी मोहल्ल्यातून जडावकामाची एखादी पेटी घेतलीत तर कारागिराकडून तिच्या तळाशी नाव आणि तारीख घालून घ्यावी; तो आनंदाने घालील, कारण त्याला ते विचारणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते.

आपण सारे गावापासून दूर आलेली माणसे. आपल्या नातवंडांना आपले मूळ सांगणारी साधने हळूहळू कमी होत जातील. त्या वेळी कोपऱ्यात उभे असलेले वाद्य बोलेल. मात्र त्याच्या अंगावर आपण आज चार शब्द लिहून ठेवले असतील तरच. मंडळाने ही नोंदवही उघडली तर तिची पहिली पाने लिहिण्याचे कारकुनी काम आम्ही मोठ्या हौसेने करू.